‘आढ्य’ रोगी आणि ग्रामीण कुटुंबाचा उपचारखर्च

अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात वाग्भटाने रोग्याच्या गुणांत ‘आढ्य’, म्हणजे धनवान, हा गुण अग्रभागी ठेवला आहे. चरकाच्या गणनेत तो नाही. परळच्या केईएम (१९२६) व टाटा (१९४१) रुग्णालयांत उपचारांसाठी येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणारी विदर्भ-मराठवाड्यातील कुटुंबे पाहिली, की वाग्भटाची व्यवहारदृष्टी पटते.

कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक, किंवा अन्नखर्च वगळता उरणाऱ्या रकमेच्या ४० टक्क्यांहून अधिक भाग उपचारांवर गेल्यास अभ्यासक त्यास आपत्तीकारक खर्च मानतात. हे माप उपयुक्त खरे, पण फसवेही आहे. समजा, महिना ३०,००० रुपये खर्चणाऱ्या बागायतदाराचे ३,६०० रुपये औषधांत गेले. तो आपत्तीत गणला जाईल. ६,००० रुपयांत भागविणाऱ्या शेतमजुराने ५०० रुपये खर्चले, तर तो रेषेच्या आत राहील. वस्तुतः त्याच्या घरची डाळ बंद झालेली असते. आणि ज्याने उपचारच सोडले, त्याचा खर्च शून्य! विषमतेचे खरे स्वरूप या शून्यात दडलेले आहे.

शिवाय चतुष्पादांपैकी हिशेबात धरले जाते ते मुख्यतः भिषक् आणि द्रव्य. उपस्थात्याची बुडालेली मजुरी कोणत्याही पावतीवर येत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील रुग्णांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सरासरी आहे. कोणाचा भार उतरला, हे ती सांगत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने) प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी आहे. मधुमेह, संधिवात, श्वास यांची महिनोन्महिने चालणारी औषधे बहुतांशी रुग्णाच्याच खिशातून येतात, आणि नेमके हेच रुग्ण आपल्याकडे येतात.

म्हणून प्रश्नपरीक्षेत प्रवासभाडे, सोबत्याची मजुरी व आधीची उधारी यांची विचारणा असावी. आमवातात सुंठ व एरंडस्नेह यांनी भागत असता चार महागडे कल्प लिहिणे युक्तीला धरून नाही. दुर्मिळ संभार जमविणे अशक्य असलेल्या दरिद्री रुग्णाने आपत्काळी त्याविनाही शोधन घ्यावे, अशी मोकळीक चरकाने उपकल्पनीय अध्यायात दिलीच आहे. औषधविक्रेत्यांनीही बाहेरगावच्या रुग्णास, औषध टिकाऊ असल्यास, पुढील भेटीपर्यंत पुरेल इतके एकदम द्यावे. आठवड्याच्या पुडीसाठी होणारा एसटीचा खर्च कित्येकदा पुडीच्या किमतीहून अधिक असतो.