हेल्मेटवरचा घरगुती कॅमेरा माउंट

हेल्मेटवर कॅमेरा बसवण्याच्या माउंटचे तीन भाग असतात: हेल्मेटला धरून राहणारी बैठक, तिच्यातून पुढे येणारी दांडी आणि कॅमेऱ्याचे कान जिथे अडकतात तो पंजा. डोंगरातल्या सायकलिंगसाठी असा माउंट घरी करता येतो. तो आपल्या हेल्मेटच्या भोकांना बेतून घडवता येतो, हा त्याचा खरा फायदा. पैसे वाचतातच असे नाही. खडबडीत उतारावर माउंट जरासुद्धा हलता कामा नये, आणि डोके जमिनीवर आपटले तर मात्र तो लगेच सुटून आला पाहिजे. या दोन उलट मागण्या एकाच वेळी भागवायच्या असल्याने काम दिसते तितके सोपे नाही.

सायकलच्या हेल्मेटचे बाहेरचे कवच बहुधा पातळ पॉलिकार्बोनेटचे असते. धक्का शोषतो तो आतला ईपीएस फोम, म्हणजे नेहमीच्या थर्माकोलचाच दाट भाऊबंद. ईएन 1078 या युरोपीय मानकानुसार हेल्मेट सेकंदाला 5.42 मीटर वेगाने सपाट ऐरणीवर आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला 250 जी पेक्षा मोठा धक्का बसत नाही ना, ते पाहतात. हे प्रमाणपत्र हेल्मेटचे असते, वर चढवलेल्या घरगुती जोडकामाचे नव्हे. गुळगुळीत कवच जमिनीवरून घसरते. कडक उंचवटा खडकात अडकतो, मान पिळवटते आणि सगळा भार एका बिंदूवर येतो. 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समध्ये मेरिबेल येथे स्कीइंग करताना फॉर्म्युला वनचा माजी शर्यतपटू मायकेल शूमाकर खडकावर आपटला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याने इजा वाढवली का, हा वाद पुढे बराच गाजला.

म्हणून कवचाला भोक पाडणे आणि स्क्रू घालणे वर्ज्य. पंक्चरचे सोल्युशन, थिनर आणि तीव्र वासाचे रबरी गोंदही वर्ज्य, कारण त्यांतील द्रावके थर्माकोल खातात. वरून हेल्मेट नवे कोरे दिसते, आत मात्र पोकळी पडलेली असते.

जागा निवडताना उंची जितकी कमी तितके बरे. गोप्रोचे हिरो 9 पासूनचे बहुतेक कॅमेरे दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात. एवढे वजन टाळूवर उंच चढवले की प्रत्येक दगडावर मानेला ते जाणवते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची झाडे इतकी माजली आहेत की त्यांच्या खाली आलेल्या फांद्या उंच कॅमेऱ्याला हटकून गाठतात. हनुवटी झाकणारे हेल्मेट असेल तर हनुवटीच्या पट्टीवरची जागा सर्वांत चांगली. हँडल आणि हात चौकटीत येतात आणि उताराचा तीव्रपणा दिसतो.

दांडी कशाची करायची, यावर सगळे ठरते. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवता येते, पण अपघातात तिची कड सुरी होते. थ्रीडी प्रिंट केलेली दांडी हलकी आणि हवी तशी मिळते. अडचण ती छापून देणाऱ्या माणसांची आहे. पीएलए हे प्लास्टिक 60 अंश सेल्सियसच्या सुमारास मऊ पडते, पीईटीजी 80 च्या आसपास आणि एबीएस शंभराच्या पुढे. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड 60 अंश सहज ओलांडतो. प्रस्तुत लेखकाने पुण्यातल्या एका प्रिंटवाल्याला ‘एबीएस’ असे कागदावर लिहून दिले होते आणि दरही एबीएसचाच मोजला होता. एप्रिलच्या उन्हात हेल्मेट गाडीत राहिले. टेकडीवरून उतरल्यावर चित्रण पाहिले, तर सुरुवातीची वाट सोडून पुढे नुसते पुढचे चाक. दांडी कुठेही तडकली नव्हती; ती नवरीसारखी मान खाली घालून बसली होती. कॅमेरा व्हायझरवर घासत राहिल्याने भिंगावरच्या काचेला ओरखडा पडला तो वेगळाच.

दांडी एबीएसची नसल्याचा संशय इथेच पक्का होतो. एबीएस तेवढ्या उष्णतेने असे लवत नाही. खात्रीसाठी दांडीच्या तुकड्यावर ॲसिटोन चोळावे: एबीएस विरघळून चिकट होते, पीएलए जवळपास तसेच राहते. उघड्यावर तुकडा पेटवला तर एबीएस काजळीचा काळा धूर सोडते. या तुकड्याने दोन्ही परीक्षांत पीएलएच्या बाजूने साक्ष दिली. प्रिंटवाल्याचे उत्तर होते, ‘साहेब, मटेरियल सेमच असतं, यंदा ऊनच जास्त आहे.’ नंतर त्याने अर्ध्या दरात दुसरी दांडी छापून देण्याचे औदार्य दाखवले. कशाची, हे विचारल्यावर फोन उचलणे बंद झाले. बिलावर मटेरियल लिहून घ्यावे, आणि दांडीसोबत त्याच रिळातला बोटभर तुकडा मागून घ्यावा. जो द्यायला कुरकुरतो त्याच्याकडून काम करून घेऊ नये. छापताना थर दांडीच्या लांबीला समांतर यावेत. आडवे थर आले की दांडी थरांच्या जोडावर तुटते.

पंज्याला एम5 चा बोल्ट आणि नायलॉक नट लागतो. साधा नट हादऱ्यांनी सैल होतो. बैठक हेल्मेटच्या भोकांतून ओवलेल्या वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधावी आणि खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा; कडकड आवाजही कमी होतो. मुद्दाम कच्चा ठेवायचा दुवा म्हणून बैठक आणि दांडी यांच्यामध्ये 2.5 मिलिमीटर रुंदीचा एकच केबल टाय वापरता येतो. जाड टाय घातले की सगळा हेतूच फसतो. कॅमेरा हरवू नये म्हणून दोरी बांधायची तर ती बोटभरच असावी. लांब दोरीवरचा कॅमेरा परत येऊन तोंडावर आदळतो.

दुहेरी चिकटपट्टी वापरायची असेल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पट्टी दाबावी आणि तीन दिवस हात लावू नये. व्हीएचबी जातीच्या अशा चिकटपट्टीची पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात. आदल्या रात्री चिकटवून सकाळी निघणाऱ्यांचे कॅमेरे झुडपांत सापडतात.

कोन उभ्याने ठरवू नये. सायकलवर बसून, कोपर वाकवून, नजर वाटेवर ठेवून चौकट पाहावी. घरात सरळ दिसलेली चौकट उतारावर जमीनच टिपते, कारण तिथे मान पुढे झुकलेली असते. माउंट धरून हाताने जोरात ओढून पाहावे: हेल्मेट डोक्यावरून हलण्याआधी कच्चा दुवा तुटला पाहिजे. चिकटपट्टीने लावलेली बैठक काढताना गरम हवा किंवा चाकू न वापरता खालून मासेमारीचा दोरा करवतीसारखा ओढत न्यावा, आणि उरलेला चिकटा अंगठ्याने रगडून काढावा.