अन्य देवतांचे भजन आणि ‘अविधि’

परधर्मीय शेजाऱ्याची प्रार्थना भगवंतास पावते काय, असा प्रश्न श्रद्धाळू गृहस्थास कधी ना कधी पडतोच. गीतेच्या नवव्या अध्यायात (श्लोक २३) भगवान सांगतात की, अन्य देवतांना श्रद्धेने भजणारेही वस्तुतः माझेच यजन करतात. मात्र ते यजन अविधिपूर्वक असते. येथे उल्लेख अन्य देवतांचा आहे खरा; परंतु सर्व यज्ञांचा भोक्ता मीच, हे पुढच्याच श्लोकातील वचन कोणतीही उपासना वगळीत नाही.

‘अविधि’ या शब्दावर बोट ठेवून कित्येक जण इतरांस कमी लेखतात. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ अज्ञान असा केला आहे. हे अज्ञान येते कोठून? सातव्या अध्यायाचे (श्लोक २०) उत्तर स्पष्ट आहे: कामनांनी ज्ञान हिरावून नेले म्हणून. मग खटला जिंकावा यासाठी नवस बोलणारा आपल्यातीलच गृहस्थ (आणि त्याच्या देवघरात गीताही असते!) या शब्दाच्या कक्षेतून सुटला कसा? त्याच अध्यायात लगेच पुढे (श्लोक २१) भगवान म्हणतात की, भक्ताची श्रद्धा ज्या रूपावर जडते, तेथे ती मीच अचल करतो. शेजाऱ्याची श्रद्धाही त्याच हाताने दृढ झालेली असते.