पेठांमधली पायपीट: दोघांसाठी दोन दिवस

पुण्याच्या जुन्या पेठा मुठेच्या उजव्या तीरावर दाटीने वसल्या आहेत. उत्तरेला कसबा आणि शनिवारवाडा, दक्षिणेला पर्वतीची टेकडी. मधले अंतर साडेतीन-चार किलोमीटरचे. शनिवार-रविवार जोडून आलेल्या जोडप्याला ते नकाशात अगदीच किरकोळ वाटते आणि बेत तिथेच फसतो. पेठांमध्ये दिवसाचा हिशेब ठरतो तो किती रस्ते ओलांडायचे, कोणत्या वेळी ओलांडायचे आणि दोघांना शेजारी शेजारी चालता येणार की एकामागे एक, यावर.

नेहमीचा घोळ असा असतो. निवांत नाश्ता करून अकराच्या सुमारास शनिवारवाडा. डोक्यावर ऊन, आत नुसती जोती. मग लाल महाल, मग जेवायला रांग, चारला तुळशीबाग, आणि पर्वती गाठेपर्यंत अंधार. रात्री मोबाइलमध्ये भरपूर फोटो असतात, पण दिवसभर एक पुढे आणि एक मागे चालल्याने दोघांचे बोलणे मात्र ‘गाडी आली’ आणि ‘इकडून ये’ यापलीकडे गेलेले नसते. यात ठिकाणांची निवड चुकत नाही. वेळा चुकतात, आणि यादी दुपटीने लांब असते.

शनिवारवाड्याला सकाळी उघडता उघडता जावे. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये तो राहता झाला. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, त्यामुळे महाल पाहायला गेलेल्याची निराशा ठरलेली. पाहायचे ते तट, बुरूज, हजारी कारंज्याचा हौद आणि सगळ्यात जास्त दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर ठोकलेले लोखंडी सुळे जवळून पाहिले की पुढचे काही सांगावे लागत नाही. येण्याजाण्याची रोजची वाट म्हणजे त्याच दारातली छोटी दिंडी. वर नगारखान्यात लाकूडकाम शिल्लक आहे. तासाभरात हे सगळे होते. जवळचा लाल महाल शहाजीराजांच्या काळचा नाही. महापालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली ती वास्तू आहे, हे आधी माहीत असले तर तिथे पंधरा मिनिटे पुरतात.

वाचलेला वेळ कसबा आणि सोमवार पेठेला द्यावा. ग्रामदैवत कसबा गणपतीचे दर्शन घेऊन तांबट आळीत शिरले की गल्ली दिसण्याआधी ठोके ऐकू येतात. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकाला लागून एक असे ठोके पडतात आणि भांड्यावर खवल्यांसारखी नक्षी उमटते. कारागीर कामात असतो. विचारून फोटो काढावा, आणि काढल्यावर निदान एखादा तांब्या तरी विकत घ्यावा.

नागझरीच्या काठचा त्रिशुंड गणपती बहुतेकांच्या यादीत नसतो. खरे तर एकच देऊळ पाहायला वेळ असेल तर हेच पाहावे. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ च्या सुमारास काम सुरू केले आणि १७७० मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. काळ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर हत्ती झुंजतात, द्वारपाल उभे आहेत आणि एका पट्टीत बंदुका घेतलेले गोरे शिपाई साखळदंडाने गेंडा बांधताना दिसतात. पलाशीची लढाई १७५७ ची, म्हणजे गेंड्याच्या मुलखात इंग्रजांचा जम बसत होता तेव्हाच इथे छिन्नी चालू होती. त्या गेंड्याचा अर्थ काय, यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला तरी चालेल. पेठांमध्ये वादाला इतकी शांत जागा दुसरी मिळणार नाही. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती आहे.

साडेदहानंतर पेठांचा चेहरा बदलतो. दुकाने उघडतात, टेम्पो माल उतरवतात आणि पदपथावर दुचाक्या लागतात. शिवाजी रस्त्यावर वाहने स्वारगेटकडे जातात, बाजीराव रस्त्यावर शनिवारवाड्याकडे येतात, लक्ष्मी रस्त्यावर अलका टॉकीजच्या दिशेने. एकेरी रस्ता म्हणून एकाच बाजूला पाहून पाऊल टाकणारा पाहुणा हमखास दचकतो, कारण उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार हा इथल्या वाहतुकीचा अलिखित भाग आहे. दोन्हीकडे पाहावे, सिग्नलला चालत्या घोळक्याबरोबर ओलांडावे, आणि मुख्य म्हणजे दोघांनी एकाच वेळी ओलांडावे. एक पलीकडे आणि एक अलीकडे राहिला की हाका मारण्यात अर्धवट रस्त्यात थांबणे होते. धोका तिथे असतो. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला होता. एरवी त्या रस्त्यावर हातात हात घालून चालण्याचा विचार सोडून द्यावा.

पत्ता विचारताना गुगलपेक्षा देवळे उपयोगी पडतात. सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर या नावांवर इथला माणूस तत्काळ वाट सांगतो. इमारतीचे नाव किंवा घरनंबर विचारला तर तोच माणूस विचारात पडतो. सांगणाऱ्याचा सूर तुटक असला तरी वाट बरोबर असते.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांचा, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. पुढचा कोरीव लाकडी सज्जा समोरच्या पदपथावरूनच नीट दिसतो, घाईने आत शिरणाऱ्याला तो दिसतच नाही. १८२१ मध्ये इंग्रजांनी काढलेली संस्कृत पाठशाळा याच वाड्यात भरत असे. दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा शोधणाऱ्यांना मात्र वाडा सापडणार नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली ती मोडकळीस आलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आली. नारायण आणि शनिवार पेठेच्या नदीकडच्या भागात जुने वाडे विरळ का, याचे उत्तर बऱ्याच अंशी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात आहे.

दुपार छपराखाली काढावी. त्यासाठी राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतकी चांगली जागा नाही. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि पुढे सरकारच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, पानदाने असा रोजच्या घरातला ऐवज इथे आहे. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालाचा भागही आहे. एकाने प्रत्येक पाटी वाचायची आणि दुसऱ्याने झरझर पुढे जायचे, हा जोडप्यांचा जुना तंटा संग्रहालयात हमखास उफाळतो. आत शिरतानाच कुठे आणि किती वाजता भेटायचे हे ठरवून वेगळे व्हावे. तासाभराने भेटल्यावर एकमेकांना दाखवायला काहीतरी असते.

तुळशीबागेसाठीही हाच उपाय. संध्याकाळी तिथे खांद्याला खांदा लागतो, फोन ऐकू येत नाही, आणि खरेदी न करणारा गल्लीच्या तोंडाशी अवघडून उभा राहतो. आतच राममंदिराचे प्रशस्त आवार आहे. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी अठराव्या शतकात बांधलेले. थांबणाऱ्याने तिथे बसावे. बाजार दहा पावलांवर असूनही आवारात शांतता असते. जवळची महात्मा फुले मंडई १८८६ ची, तेव्हा तिचे नाव रे मार्केट. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखालचे भाजीचे गाळे सकाळी जास्त रंगतात, पण सकाळ कसब्याला दिलेली असल्याने संध्याकाळी बाहेरून पाहून पुढे जावे. सगळे एकाच दिवसात बसवण्याचा मोह इथेच आवरायचा असतो.

बुटांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण देवळागणिक नाड्या सोडण्या-बांधण्यात चिडचिड होते. पट्ट्याच्या चपला बऱ्या. दुपारी फरशी तापते, म्हणून देवळे सकाळीच. स्वच्छतागृहाची सोय संग्रहालयात आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो सुरू झाल्याने कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकेही उपयोगी पडतात. पाय थकल्यावर स्वारगेटपर्यंत मेट्रोने जाण्यात कमीपणा मानू नये.

जेवणाच्या वेळा इथे गंभीरपणे पाळल्या जातात. मिसळ सकाळीच खावी, उशिरा गेल्यास संपलेली असते. कित्येक जुनी दुकाने दुपारी दार ओढतात आणि अनेक खानावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात. शनिवारी रात्री बाहेर भरपेट थाळी आणि रविवारी संध्याकाळी हलके काहीतरी, असा क्रम ठेवला म्हणजे उपाशी पोटी भांडण होत नाही.

रविवारची पहाट पर्वतीची. १०३ पायऱ्या, रुंद आणि उतरत्या. घाई केली तर धाप लागते, दमाने चढले तर गप्पा मारत वर जाता येते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये देवदेवेश्वराचे देऊळ बांधले आणि १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांनी, त्यांनी इथेच देह ठेवला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी याच टेकडीवरून पाहिली. आदल्या दिवशी तुडवलेल्या गल्ल्या इथून एका नजरेत दिसतात, म्हणून पर्वती दुसऱ्या दिवशी ठेवायची. आधी पाहिली तर खालचे काहीच ओळखू येत नाही. उतरल्यावर सारसबागेतला तळ्यातला गणपती, नाश्ता आणि दुपारी चक्क झोप.

संध्याकाळ नदीपलीकडे काढावी. जंगली महाराज रस्त्यालगतची पाताळेश्वराची लेणी आठव्या शतकातली मानतात. एकसंध खडकातला गोल नंदीमंडप ऊन कलल्यावर छान दिसतो. बाहेरचे पदपथ अलीकडे ऐसपैस केले आहेत. दोन दिवसांत पहिल्यांदाच दोघांना शेजारी चालता येते ते इथे, म्हणून हा भाग शेवटी ठेवलेला बरा. तिथून फर्ग्युसन रस्त्यावर वळून १९३५ पासून चालू असलेल्या गुडलकमध्ये बनमस्का आणि चहा घेता येतो.

हे सारे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुखाचे. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळचे दोन तासच हाती लागतात. गणेशोत्सवात आणि पालख्यांच्या मुक्कामात पेठांत चालणे म्हणजे गर्दी नेईल तिकडे जाणे; तेव्हा उत्सव पाहायला यावे, वाडे पाहायला नाही. मुंबईकरांनी रविवारी रात्री परतण्याऐवजी सोमवारी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनचे आरक्षण आधीच करून ठेवावे. साडेदहाच्या सुमारास गाडी मुंबईत पोचते आणि रविवारची संध्याकाळ हातची जात नाही.