जुन्या मोटारीचीं कुलुपें व भोंगा

इ. स. १९९५ पासून पुण्यास जुळविल्या जाऊं लागलेल्या मर्सिडीज-बेंझच्या ई-क्लास मोटारींत सर्व दारांचीं कुलुपें विजेच्या एकाच पंपानें, नळ्यांतून हवा फुंकून व ओढून चालत. हा पंप थोडक्याच क्षणांत थांबावयास हवा. तो घरघरतच राहिला तर हवा कोठें तरी गळते आहे असें समजावें. कारागीर पंपच बदला म्हणेल. घाई करूं नये. पंपापासून निघणारी एकेक नळी बंद करून पाहावी. जी बंद करतांच पंप लवकर थांबेल, तीच गळकी. पंप मुळींच न वाजल्यास आधीं फ्यूज पाहावा.

आमच्या राहनाळच्या पावसांत बॉनेटखालची कळ गंजली, कीं कोणी न शिवतांही भोंगा ओरडूं लागतो. पुष्कळजण रागानें भोंग्याची तारच तोडतात (चोरास आणखी काय हवें?). ती कळ घासून पुसावी, न सुधारल्यास बदलावी.