आवरणचित्र : एका नजरेत दिलेले वचन

प्रस्तावना

बंगळुरूच्या मेट्रोमार्गावर यशवंतपूरला लागून असलेल्या स्थानकाचे नाव 'सँडल सोप फॅक्टरी' असे आहे. एका साबणाची ओळख शहराच्या मनात किती खोल रुजू शकते, याची साक्ष हे नाव देते. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदन युरोपात पाठवणे अवघड झाले. तेव्हा महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने बंगळुरूत सरकारी साबण कारखाना उभा राहिला. पुढे तो यशवंतपूरच्या परिसरात आला.

'म्हैसूर सँडल' साबणाची पेटी पाहण्यासारखी आहे. दागिन्यांच्या डबीची आठवण करून देणारे तिचे रूप, त्यावरील फुलांची नक्षी आणि हत्तीचे मस्तक व सिंहाचे धड असलेल्या 'शरभ' या काल्पनिक प्राण्याचे चिन्ह, या साऱ्यांतून ती पेटी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगते : आत मौल्यवान वस्तू आहे. पेटी उघडल्यावर चंदनाचा सुगंध येतो आणि दिलेला शब्द खरा ठरतो.

आज मोबाईलच्या पडद्यावरही दुकाने आहेत. तेथे विकल्या जाणाऱ्या खेळांनाही आवरण लागते. मात्र तेथे वस्तू हातात घेता येत नाही, हुंगता येत नाही आणि दुकानदाराला काही विचारता येत नाही. म्हणूनच खेळाच्या आवरणावरची जबाबदारी अधिक मोठी असते.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• आवरणचित्राचे मुख्य कार्य सांगू शकाल;
• चांगल्या आवरणासाठी काय ठेवावे व काय गाळावे, हे ठरवू शकाल;
• तयार आवरणाची साध्या उपायांनी पडताळणी करू शकाल.

१. आवरणाचे कार्य

प्रवासात, जेवणाच्या सुटीत किंवा झोपण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे खेळता येणाऱ्या सोप्या खेळांना 'कॅज्युअल गेम' म्हणतात. नवी मुंबईतील गेमेशन या संस्थेने २०१६ साली आणलेला 'लुडो किंग' हा अशा खेळांपैकीच एक. त्याला एक मोठी सोय होती. लुडोचा चाररंगी पट भारतातील घराघरांत आधीपासूनच परिचित होता. ओळखीची वस्तू दिसली की समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

परंतु प्रत्येक खेळाला अशी पूर्वओळख नसते. दुकानातील चित्रांच्या रांगेवरून खेळणाऱ्याची नजर क्षणात पुढे सरकते. तेवढ्या वेळात आवरणाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हा खेळ कशाचा आहे? आणि तो खेळताना कसे वाटेल?

आवरणाचे माप ते ज्या दुकानात लागणार त्यावर अवलंबून असते. 'प्ले स्टोअर'साठी आयकॉन ५१२ × ५१२ पिक्सेलचा आणि आडवे शीर्षचित्र १०२४ × ५०० पिक्सेलचे द्यावे लागते. ॲपलच्या 'ॲप स्टोअर'साठी आयकॉन १०२४ × १०२४ पिक्सेलचा असतो. चित्र एवढे मोठे काढले, तरी पडद्यावर ते बहुधा अंगठ्याच्या नखाएवढेच दिसते. शिवाय दुकान आयकॉनचे कोपरे गोल करते. म्हणून महत्त्वाचा भाग कोपऱ्यात ठेवू नये.

२. एक उदाहरण

यशवंतपूरच्या बाजार समितीचे आवार कांदा-बटाट्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील कांदाही तेथे जातो. समजा, या बाजारावर आधारित एक खेळ तयार झाला आहे. वरून कांदे-बटाटे पडतात. खेळणाऱ्याने ते आकारानुसार योग्य पोत्यात टाकायचे.

नवशिक्या चित्रकार पहिल्या आराखड्यात बाजाराचे प्रवेशद्वार, मालमोटारी, हमाल, तराजू, पोत्यांची थप्पी आणि खेळाचे नाव असे सर्व काही दाखवतो. कागदावर हे चित्र सुंदर दिसते. नखाएवढे केल्यावर मात्र त्याचा तपकिरी चिखल होतो. बाजाराचे वर्णन झाले. खेळ मात्र दिसलाच नाही.

दुसऱ्या आराखड्यात चित्रकार खेळातील मुख्य क्रिया शोधतो. ती क्रिया म्हणजे निवडणे. म्हणून तो एकच मोठा, गुलाबी-लाल कांदा काढतो. तो हवेत आहे आणि खाली उघड्या तोंडाची दोन पोती आहेत, एक लहान, एक मोठे. मागे सपाट हिरवा रंग आहे. हिरव्यावर लालसर रंग उठून दिसतो. कांदा कोणत्या पोत्यात पडेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो आणि तोच प्रश्न त्याला खेळाकडे ओढतो.

३. अक्षरांचा विचार

खेळाचे नाव आडव्या शीर्षचित्रात घ्यावे. आयकॉनमध्ये ते शक्यतो टाळावे. अक्षरविरहित आयकॉन कन्नड, मराठी, हिंदी अशा सर्व भाषकांना सारखाच कळतो.

देवनागरी अक्षरांना वेगळी काळजी लागते. वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार खाली उतरतो. या सर्वांना जागा देताना मूळ अक्षर लहान करावे लागते. लहान आकारात जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात व बारीक रेषा नाहीशा होतात. म्हणून नाव छोटे असावे, अक्षरे जाड असावीत आणि त्यांच्यामागे नक्षी नसावी.

४. पडताळणी

(अ) चित्र लहान करून हातभर अंतरावरून पाहावे. मुख्य आकृती ओळखता आली पाहिजे.
(आ) चित्रातील रंग काढून ते करड्या छटांत पाहावे. आकृती पार्श्वभूमीत मिसळत असेल, तर केवळ रंग बदलून भागणार नाही. उजेड-अंधाराचा फरक वाढवावा लागेल.
(इ) त्याच प्रकारच्या नऊ खेळांच्या आवरणांमध्ये आपले आवरण ठेवावे. ते हरवून जात असेल, तर वेगळा रंग किंवा वेगळी मांडणी शोधावी.
(ई) खेळाची काहीच माहिती नसलेल्या व्यक्तीला ते क्षणभर दाखवून विचारावे, "यात काय करायचे असेल?"

'प्ले स्टोअर'वर दोन आयकॉन वेगवेगळ्या लोकांना दाखवून त्यांची तुलना करण्याची सोयही आहे. मात्र खेळ किती जणांनी उतरवून घेतला, एवढेच मोजून थांबू नये. किती जणांनी तो ठेवला, हेही पाहावे.

५. सचोटी

भडक चित्राने नजर वेधता येते, पण विश्वास मिळत नाही. २०२० साली ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने 'होमस्केप्स' व 'गार्डनस्केप्स' या खेळांच्या काही जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. जाहिरातींत दिसणारा खेळ हा प्रत्यक्ष खेळाचा प्रातिनिधिक भाग नव्हता. दुकानांनीही नियम कडक केले आहेत. 'प्ले स्टोअर'ने २०२१ पासून आयकॉनवर पहिल्या क्रमांकाचे दावे किंवा सवलतीची जाहिरात करण्यास मनाई केली. 'स्टीम'ने १ सप्टेंबर २०२२ पासून मुख्य आवरणात खेळाचे चित्र, नाव व उपशीर्षक एवढ्यांनाच मुभा दिली. पुरस्कार व परीक्षणांतील गुण तेथून हटले.

मोठ्या कंपनीकडे जाहिरातीसाठी पैसा असतो. एकट्याने खेळ बनवणाऱ्या तरुणाकडे किंवा तरुणीकडे पुष्कळदा आवरणाखेरीज दुसरे साधन नसते. ते फसवे निघाले, तर खेळ क्षणात काढून टाकला जातो आणि अनेक महिन्यांच्या श्रमांवर पाणी पडते. ते खरे असेल, तर खेळणारा स्वतःहून दुसऱ्याला सांगतो.

सारांश

आवरण म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेले वचन होय. ते एका नजरेत कळावे, यासाठी चित्रकाराने गाळण्याची कला शिकावी. ते पाळले जावे, यासाठी खेळात जे आहे तेच दाखवावे.

पाठगत प्रश्न

१. कांदा-बटाट्याच्या खेळाचा पहिला आराखडा का फसला?
२. देवनागरी नाव लहान आकारात लिहिताना कोणत्या अडचणी येतात?
३. तुमच्या घरातील एखाद्या वस्तूचे वेष्टन पाहा. ते कोणते वचन देते आणि ती वस्तू ते पाळते का, हे आठ-दहा ओळींत लिहा.