धर्म आणि समाज : गिंडीतील तीन स्मारके

धर्मांची तुलना करताना केवळ ग्रंथांतील तत्त्वे पडताळून भागत नाही. पाणवठा, रस्ता, प्रार्थनास्थळ व दफनभूमी यांवर कोणाचा हक्क चालतो, हेही पाहावे लागते. चेन्नईतील गिंडी येथे, गांधी मंडपाच्या आवारात, या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे देणाऱ्या पुरुषांची स्मारके आहेत.

पहिले उत्तर गांधीजींचे. अस्पृश्यता हा हिंदू धर्माचा भाग नसून त्याला लागलेला कलंक आहे व तो धर्मात राहूनच पुसला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

दुसरे उत्तर रेट्टमलै श्रीनिवासन यांचे. त्यांनी धर्मचर्चेपेक्षा नागरी हक्कांवर भर दिला. सार्वजनिक रस्ते व विहिरी सर्वांस खुल्या असाव्यात, असा ठराव त्यांनी १९२४ साली मद्रास विधिमंडळात मांडला. रावबहादूर बोले यांचा असाच ठराव १९२३ साली मुंबईत संमत झाला होता. १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्याच्याच आधारे झाला. गोलमेज परिषदेत श्रीनिवासन डॉ. आंबेडकरांसमवेत होते, धर्मांतराचा मार्ग मात्र त्यांनी स्वीकारला नाही.

तिसरे उत्तर श्रीनिवासन यांचेच आप्त पंडित अयोथीदास यांचे. गिंडीजवळच्या अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑलकॉट यांच्या साहाय्याने त्यांनी १८९८ साली श्रीलंकेत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आपले लोक मूळचे बौद्धच होते, असे त्यांचे प्रतिपादन असल्याने हे धर्मांतर त्यांच्या दृष्टीने स्वगृही परतणे होते. नागपूरची दीक्षा त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, १९५६ साली झाली.

धर्म बदलला म्हणजे समाज बदलतोच काय? गिंडीलगतच्या परंगिमलै टेकडीवर संत थॉमस यांना हौतात्म्य आले, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. ख्रिस्ती धर्म समता सांगतो. तरीही तमिळ प्रदेशातील अनेक चर्चमध्ये जातवार बैठका व दफनभूमी राहिल्या. शासनाचे उत्तरही एकसारखे नाही. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती, मोजके अपवाद वगळता, हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. सर्व शीख दलितांना त्या १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या. ख्रिस्ती व मुसलमान दलितांना मिळालेल्या नाहीत.

यावरून एवढे निष्पन्न होते की, धर्माचा समाजावरील प्रभाव त्याच्या उपदेशावरून नव्हे, तर अनुयायांच्या परस्पर व्यवहारावरून जोखावा लागतो.