वाचक पुन्हा का येतो?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याचे मुख्य ठाणे ओरोस येथे असून तेथील नव्या वसाहतीस सिंधुदुर्गनगरी असे नाव देण्यात आले आहे. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी, जिल्हा परिषद, न्यायालय ही सारी तेथेच आहेत. पूर्वी जिल्ह्यासंबंधी काही माहिती हवी असल्यास या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागत, नाहीतर पत्र पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. आज मुंबईतील चाकरमानी किंवा नागपूरचा एखादा विद्यार्थी घरबसल्या जिल्ह्याचे संकेतस्थळ उघडतो आणि हवी ती माहिती शोधू लागतो.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पायऱ्या चढून आलेला मनुष्य काम झाल्यावाचून सहसा माघारी फिरत नाही, कारण येण्यासाठी त्याने कष्ट घेतलेले असतात. संकेतस्थळावर येणाऱ्यास मात्र कष्ट पडत नाहीत. म्हणून पहिल्या चार ओळींत त्याला हवे ते दिसले नाही, तर तो बोटाच्या एका स्पर्शासरशी दुसरीकडे निघून जातो. वाचकाला आपल्याकडे कसे आणावे आणि आलेला वाचक कसा टिकवावा, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळापुढे उभा असतो.

परंतु हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, असे मात्र नाही. याच जिल्ह्यात देवगड तालुक्यात पोंभुर्ले नावाचे गाव आहे. त्या गावी जन्मलेल्या एका तरुणापुढे तो जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्या तरुणाचे नाव बाळ गंगाधर जांभेकर. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाळशास्त्री म्हणून ओळखू लागला. लहानपणीच मुंबईस जाऊन त्यांनी संस्कृत व इंग्रजी या दोन्ही विद्या संपादन केल्या, आणि वयाची अवघी विशी गाठण्याच्या सुमारास, ६ जानेवारी १८३२ रोजी, ‘दर्पण’ या नावाने मराठीतील पहिले वृत्तपत्र सुरू केले. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

त्या काळी वाचक मिळविणे किती अवघड होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. लिहिता-वाचता येणारी माणसे थोडी. त्यांचे हिशेब, पत्रव्यवहार, दप्तर हे सारे मोडी लिपीत चाले. बाळबोध अक्षर पोथीपुरते. पैसे देऊन बातमी विकत घ्यावयाची असते, ही कल्पनाच मराठी माणसाला नवी होती. शिवाय, वर्तमानपत्रात काय असते हेच ज्याला ठाऊक नाही, तो ते मागणार तरी कसा?

बाळशास्त्रींनी प्रथम आपला वाचक कोण, याचा विचार केला. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन प्रकारचे वाचक होते. एक, नवे ज्ञान मिळविण्यास उत्सुक असलेला मराठी मनुष्य. आणि दुसरा, इंग्रजी जाणणारा, विशेषतः राज्यकर्त्या वर्गातील मनुष्य, ज्याला येथील लोकांचे विचार कळणे आवश्यक होते. म्हणून ‘दर्पणा’च्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी व दुसरा मराठी. त्यात देशोदेशींच्या बातम्या येत, विद्येचे विषय येत, आणि वाचकांनी पाठविलेल्या पत्रांनाही जागा मिळे. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व फार आहे. ज्याचे पत्र छापून येते, तो पुढचा अंक उघडल्याशिवाय राहत नाही; आणि ज्याला त्या पत्राचे म्हणणे पटत नाही, तो तर त्याहूनही लवकर उघडतो!

आरंभी ‘दर्पण’ पंधरा दिवसांनी निघत असे. ४ मे १८३२ पासून, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, ते साप्ताहिक झाले. पंधरवड्याने येणारा पाहुणा आणि आठवड्याने येणारा पाहुणा यांत घरोबा कोणाशी अधिक जडतो, हे सांगावयास नको. ठरलेल्या दिवशी ठरलेली वस्तू हाती पडणे, यातून वाचकाला सवय लागते.

एवढे करूनही ‘दर्पणा’चे वर्गणीदार सुमारे ३०० होते असे सांगतात. आजच्या हिशेबाने ही संख्या अगदीच क्षुल्लक वाटेल. १८४० च्या मध्यास ‘दर्पण’ बंद झाले. परंतु बाळशास्त्रींनी वाचकांची साथ सोडली नाही. त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक हाती घेतले व त्यातून भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन, गणित, व्याकरण अशा विषयांवर लेख दिले. नकाशेही दिले. बातमीसाठी आलेला वाचक ज्ञानासाठी थांबू शकतो, असा विश्वास त्यांना होता. ‘दर्पणा’च्या कामी त्यांना साहाय्य करणारे गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ साली ‘प्रभाकर’ हे स्वतःचे पत्र काढले. ३०० या आकड्यात या गोष्टींची गणना होत नाही. आज संकेतस्थळाचे चालक रोज किती वाचक आले याचा आकडा मोठ्या उत्सुकतेने पाहतात. त्यांनी तो अवश्य पाहावा. पण त्यापैकी किती जण पुन्हा आले, हेही पाहावे.

बाळशास्त्री १८४६ साली निवर्तले. त्यानंतर जवळजवळ दीड शतकाने, १९९१ साली, युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जगातील पहिले संकेतस्थळ जगापुढे खुले केले. भारतात सामान्य जनतेसाठी इंटरनेटची सोय १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. मराठी मजकूर त्यावर येऊ लागला, तेव्हा लिपीचा जुना प्रश्न नव्या वेषात पुढे आला. प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा टंक, म्हणजे फॉन्ट, निराळा असे. तो आपल्या संगणकावर नसेल, तर मराठी अक्षरांच्या जागी निरर्थक खुणांची रांग दिसे. मजकूर कितीही उत्तम असो, तो वाचताच येईना! पुढे युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीचा प्रसार झाला आणि ही अडचण दूर झाली. त्या पद्धतीत जगातील प्रत्येक लिपीच्या अक्षराला एक ठराविक क्रमांक दिलेला असतो. देवनागरीचा ‘क’ मालवणात लिहिला तरी मेलबर्नमध्ये ‘क’च उमटतो. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. आज त्यातील लेख कोणत्याही साध्या मोबाइलवर वाचता येतात, ते याच सोयीमुळे.

आता सिंधुदुर्गाकडे वळू. जिल्ह्याचे संकेतस्थळ मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत आहे. फरक एवढाच, की ‘दर्पणा’त दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत असत, येथे वाचक आपल्याला हवी ती भाषा निवडतो. या जिल्ह्याला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले असल्यामुळे दूरदूरचे प्रवासी त्याची माहिती शोधत असतात. समजा, एखाद्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने या प्रवाशांसाठी स्वतःचे संकेतस्थळ तयार करावयाचे ठरविले. तर तिने आरंभ कोठून करावा?

पहिला विचार नावाचा करावा लागेल. वाचक संकेतस्थळाचा पत्ता पाठ करून येत नाही. तो शोधयंत्राला एखादा शब्द देतो आणि ते यंत्र, ज्या पानांवर तो शब्द व त्यासंबंधीचा मजकूर आढळतो, ती पाने त्याच्यापुढे मांडते. म्हणून लोक ज्या शब्दाने शोधतात तो शब्द पानावर हवा. येथे मोठी गंमत आहे. जिल्ह्याच्या ठाण्याला कोणी ओरोस म्हणतो, कोणी सिंधुदुर्गनगरी. कोकण रेल्वेचे तेथील स्थानक ‘सिंधुदुर्ग’ या नावाचे आहे. आणि सिंधुदुर्ग किल्ला तर तेथून दूर, मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर उभा आहे! ‘सिंधुदुर्ग’ स्थानकावर उतरलेला परका प्रवासी समोर किल्ला शोधू लागला, तर दोष त्याचा नव्हे. ही तिन्ही नावे देऊन त्यांतील भेद दोन वाक्यांत स्पष्ट करणारे पान अशा प्रवाशाच्या खरोखर उपयोगी पडते.

दुसरा विचार काळाचा. शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला, ही माहिती एकदा लिहिली की ती बदलत नाही. परंतु मालवणच्या जेटीवरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या ही नित्य बदलणारी बाब आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो व प्रवासी वाहतूक बंद ठेवली जाते. ज्या पानावर तटबंदीचे वर्णन अलंकारिक भाषेत केलेले आहे, पण होड्या केव्हा बंद असतात याचा उल्लेख नाही, ते पान वाचून कोणी कुटुंबासह जुलैत मालवणास पोहोचला, तर तो किनाऱ्यावरूनच किल्ला पाहून परतेल. त्या संकेतस्थळावर तो पुन्हा पाऊल ठेवील काय? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे दोन्ही आहेत. ज्या पानावर ही गोष्ट अद्याप आलेली नाही, ते पान शिळे झाले आहे, हे वाचक तत्काळ ओळखतो. पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ कोणत्या दिवशी केला ती तारीख देण्याची पद्धत म्हणूनच चांगली.

मांडणीविषयी थोडेच सांगितले तरी पुरे. बहुतेक वाचक मोबाइलच्या हातभर लांबीच्याही नसलेल्या पडद्यावर वाचतात. तेव्हा महत्त्वाची गोष्ट वर हवी, परिच्छेद आटोपशीर हवेत आणि शीर्षकाने आत काय आहे ते सांगावे. घाटातल्या किंवा खाडीकाठच्या गावी इंटरनेटचा वेग मंद असतो. तेथे मोठमोठी छायाचित्रे उघडेपर्यंत वाचकाचा धीर सुटतो. चित्राखाली त्याचे वर्णनही लिहावे. दृष्टिहीन वाचकांसाठी पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचून दाखविणारी साधने आहेत. त्या साधनांना चित्र दिसत नाही, वर्णन तेवढे वाचता येते.

सर्वांत कठीण कसोटी मात्र निराळीच आहे. विजयदुर्गासंबंधी अनेक ठिकाणी असे लिहिलेले आढळते, की १८६८ सालच्या ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉक्यर या इंग्रज शास्त्रज्ञाने या किल्ल्यावरून सूर्याचे निरीक्षण केले आणि हेलियम वायूचा शोध लावला. गोष्ट मोठी आकर्षक आहे. कोणाही वाचकाला ती थांबवून ठेवील. पण ती तशी घडली नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, हे खरे. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉक्यर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. तेथूनच त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सौरज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. त्यातील पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा ती नव्या मूलद्रव्याची असावी असा तर्क पुढे आला. १८९५ साली विल्यम रॅम्से यांनी तो वायू पृथ्वीवरही शोधून काढला.

मग लॉक्यर विजयदुर्गास आलेच नाहीत काय? आले होते! २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास ग्रहणाच्या वेळी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह विजयदुर्ग येथे मुक्काम केला, उपकरणे उभारली आणि इंग्रजी नौदलाच्या खलाशांच्या साहाय्याने ग्रहणाची निरीक्षणे केली. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून काही चौथरे आजही दाखविले जातात. शास्त्रज्ञ तोच, सूर्यही तोच. मध्ये तीस वर्षांचे अंतर पडले, ते कोणी मोजले नाही.

अशा वेळी संकेतस्थळ लिहिणाऱ्याने काय करावे? खोटी गोष्ट ठेवली तर ती आज शंभर जण वाचतील. त्यांतील एखादा जिज्ञासू विद्यार्थी दुसऱ्या ग्रंथात ती पडताळून पाहील, आणि त्या पानावरील होड्यांच्या वेळांवरही त्याचा विश्वास उरणार नाही. वास्तविक खरी हकीकतही कमी सुरस नाही. हेलियमशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो साठीतील शास्त्रज्ञ हजारो मैलांचा समुद्र ओलांडून, अवघ्या दोन-तीन मिनिटांच्या काळोखासाठी कोकणातील एका जुन्या किल्ल्यापाशी येऊन राहतो!

‘दर्पणा’चा अंक एकदा छापून वर्गणीदारांच्या घरी गेला, की त्यातील चूक परत आणता येत नसे, पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागे. संकेतस्थळावरील वर्ष दुरुस्त करावयास एक मिनिट पुरते. मात्र त्याआधी ज्यांनी तो मजकूर उतरून घेऊन आपापल्या पानांवर ठेवला, त्यांच्याकडे १८६८ हेच साल राहते.

स्वाध्याय

१. ‘दर्पणा’त दोन भाषांचे स्तंभ ठेवण्यामागे बाळशास्त्रींचा कोणता विचार होता?

२. युनिकोडच्या प्रसारापूर्वी मराठी वाचकांस कोणती अडचण येत असे?

३. ‘सिंधुदुर्ग’ या नावामुळे परक्या प्रवाशाचा घोटाळा कसा होऊ शकतो?

४. आपल्या गावाविषयी सांगितली जाणारी एखादी प्रसिद्ध गोष्ट घ्या. तिच्यातील साल, व्यक्ती व स्थळ ग्रंथालयातील दोन पुस्तकांवरून पडताळून पाहा आणि परक्या प्रवाशासाठी दहा ओळींत ती लिहून काढा.